हौदातले साहेब

माशाला 'अहो' म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे तारापूरचे घरमालक. सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून ते माजघरातल्या हौदापुढे उभे राहायचे आणि काचेला बोट लावून म्हणायचे, "उठा हेडक्लार्कसाहेब. अहो इन्स्पेक्टर, काल तुम्ही जेवला नाहीत." मी नवी नवी होते तेव्हा भिंतीपलीकडून हे बोलणं ऐकून मला वाटलं, घरात सरकारी पाहुणे उतरलेत. मी घाईघाईनं पदर सारखा केला आणि दुपारपर्यंत तसाच ठेवला.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांचा जन्म मिठागराच्या कचेरीत कारकुनी करण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरात समुद्राचे मासे पाळले, आणि ज्यांनी ज्यांनी आपल्यावर साहेबी केली त्यांचे हुद्दे त्या माशांना वाटून टाकले. वाळूवर पोट टेकून पडून राहणारा सुस्त मासा तो हेडक्लार्क. अंगावर पट्टे असलेला, उगाच दुसऱ्याच्या शेपटीमागे लागणारा तो इन्स्पेक्टर. कचेरीत ज्यांच्यापुढे बसायची सोय नव्हती त्यांना मी आता जेवायला वाढतो, असं म्हणून ते स्वतःशीच हसायचे. वाढायचे म्हणजे भाताची शितं आणि भिजवलेली कणीक. एकादशीला भगर. काका सोवळ्यातले, घरात कांदासुद्धा चार महिने बंद. मासा ही खायची वस्तू आहे हे त्यांना फक्त ऐकून माहीत होतं, आणि मासा मासाच खातो हे ऐकूनसुद्धा माहीत नव्हतं.

मिठाची मात्र त्यांची जीभ पक्की होती. हौदातल्या पाण्यात बोट बुडवून ते जिभेला लावायचे आणि निकाल सांगायचे, "आज चौदा आणे. गोडं पाणी घालायला हवं." नवे पैसे येऊन वर्षं झाली होती, पण काकांच्या जगात खारटपणा आण्यांतच मोजला जायचा. समुद्र म्हणजे बारा आणे. माझी आमटी एकदा त्यांनी चाखली आणि नऊ आणे म्हणाले. मला राग आला होता. आता कुणी माझ्या आमटीला आणे दिले तर मी त्याला दुसऱ्यांदा वाढीन.

तो हौदही त्यांनीच बांधला होता, माजघराच्या पश्चिमेच्या भिंतीत. तीन बाजूंनी सिमेंट आणि पुढे जाड काच. मनोरला एका दुकानाचं कपाट मोडीत निघालं होतं, त्याची ती काच त्यांनी बैलगाडीत गवत घालून, स्वतः मांडीवर धरून आणली होती. पाण्यात हवा सोडायला लॉरीच्या टायरची जुनी ट्यूब होती. ती सायकलच्या पंपानं भरायची, मग तिला जोडलेल्या बारीक रबरी नळीतून हौदात बुडबुडे येत राहायचे. ट्यूब बसली की पुन्हा भरायची. पाणी उधाणाच्या भरतीला गाडीवरच्या पिंपातून यायचं आणि धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळून हौदात जायचं. एवढ्या सोहळ्यात तर आमच्याकडे गणपतीही बसत नसे.

हे सगळं काकूंसाठी होतं. काकूंचं उजवं अंग वाऱ्यानं गेलं होतं आणि बोलणंही गेलं होतं. वैद्यांनी सांगितलं होतं, हिला वारा लागू देऊ नका. तेव्हापासून माजघराची खिडकी बंद, आणि काकूंची खाट हौदासमोर. त्यांना उचलणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं काका स्वतः करायचे, बाई ठेवली नव्हती. दुपारी काकू जाग्या असल्या की ते खाटेच्या पायथ्याशी बसून त्यांना हौदातली बातमी द्यायचे. कोण कुणाशी भांडलं, कुणाची बदली दगडाच्या डाव्या बाजूला झाली. काकू काचेकडे पाहत राहायच्या. त्यांच्या डोळ्यांसमोर तेवढंच जग उरलं होतं, आणि काका ते रोज भरतं ठेवायचे.

आता माझं सांगते. आमचे हे प्रकल्पावर एका कंत्राटदाराकडे ओव्हरसियर होते. विजेच्या त्या प्रकल्पानं तारापूर, चिंचणी, बोईसर सगळं माणसांनी भरून टाकलं होतं. गोठे सारवून भाड्यानं दिले जात होते आणि बोईसरला हिंदी बोलणारे कामगार एकाच खाटेवर पाळीपाळीनं झोपत होते. अशात आम्हाला काकांची मागची खोली मिळाली, ती दोन अटींवर. दुपारी काका डोळा लावतील तेव्हा मी ट्यूबमध्ये हवा भरायची, आणि घरात मासे शिजवायचे नाहीत. मी माकुणसारची. ताटात मासा नसला तर आमच्याकडे कुणी आजारी आहे का असं विचारतात. तरी मी हो म्हणाले, कारण डोक्यावर कौलं हवी होती. आणि चौथ्या महिन्यात मला डोहाळे लागले ते माशांचेच.

ओल्या बोंबलाच्या आठवणीनं मला रडू यायचं. रोज दारावरून एक कोळीण जायची. आमच्या घरी विक्री नाही हे ठाऊक असूनही ती मुद्दाम थांबायची. एकदा ओटीवर काका जप करत बसलेले असताना ती मोठ्यानं म्हणाली, "गो बाय, पोटुशी हायस तू. मासली नाय खाल्लीस त पोराच्या तोंडाची लाल नाय सुकायची. मंग आमाला बोलू नको." मी लाजेनं आत पळाले. काकांची माळ थांबलेली मी पाहिली होती, पण त्याचा अर्थ मला पुढे कळला.

त्याच सुमाराला हौदातले साहेब नाहीसे व्हायला लागले.

पहिल्यांदा गेला तो जकातदार नावाचा एक बोटभर मासा. काकांना वाटलं, दगडामागे लपला असेल. मग दोन शिपाई गेले. मेलेला मासा तरंगतो, हे त्यांना माहीत होतं. इथे तरंगत काहीच नव्हतं. काकांनी रीतसर चौकशी सुरू केली. प्रथम संशय मांजरावर. हौदाच्या तोंडावर जाळी बसवली. मासे जातच राहिले. मग जाळीतून साप येत असेल म्हणून हौदाभोवती रांगोळीची भुकटी पसरली. सकाळी त्या भुकटीत एकाच प्राण्याची पावलं उमटलेली असायची, ती काकांची. मग पाण्यावर संशय. उधाणाची वाट न पाहता दोन पिंपं नवं पाणी आलं. तरी इन्स्पेक्टर गेले. त्या दिवशी काका जेवले नाहीत. काकूंना बातमी देताना त्यांनी इन्स्पेक्टर रजेवर गेल्याचं सांगितलं.

हौद रिकामा होत चालला होता. काका दर ओहोटीला धोतर खोचून, हातात चहाची गाळणी घेऊन खडकांत जायचे आणि नवे मासे आणायचे, पण जाणारे जास्त आणि येणारे कमी. काकूंसमोर नुसतं पाणी उरलं तर तिनं दिवसभर कशाकडे पाहायचं, असं ते मला विचारायचे. मी ट्यूब भरत राहायचे.

एका सकाळी काका आमच्या खोलीच्या उंबऱ्याशी आले. हातात छत्री, नजर अंगणाकडे. काटासुद्धा मागे उरत नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. मांजर काटे टाकतं, कावळा काटे टाकतो. ज्याला काटा काढायची लहानपणापासून सवय आहे त्याचंच हे काम. मी मान डोलावत होते. तर्क चांगला होता. मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले,

"सूनबाई, डोहाळे कुणाला चुकलेत? मी रागावलेलो नाही. पण काकूंचे मासे तेवढे राहू द्या. तुम्हाला काय हवं ते मी बाजारातून आणतो."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हसू आलं, आणि हसता हसता मी भिंतीला टेकून रडायला लागले. बोटभर मासे, तेही कणीक खाऊन वाढलेले, चोरून कोण खाईल? संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर ह्यांनी वळकटी बांधायला घेतली. ज्या घरात बायकोला चोर म्हणतात तिथे राहायचं नाही. पुढचे काही दिवस हे कामावरून सुटले की खोल्या शोधत चिंचणीपासून बोईसरपर्यंत फिरले. खोली नव्हती. ओसरीही नव्हती. माहेरी आत्ताच गेले तर लोक कारण विचारणार, आणि कारण सांगितलं तर माकुणसार पिढ्यान् पिढ्या हसणार.

काकांनी मात्र बोललेलं खरं केलं. ते मासळीबाजारात गेले. त्या दिवसाची हकीकत मला कोळणीनं सांगितली, आणि सांगताना तिला दोनदा टोपली खाली ठेवावी लागली. नाकाला उपरणं लावून काका सगळ्या पाट्यांपुढून फिरले आणि कुठला मासा सुखानं गेला असेल, असं विचारत होते. शेवटी त्यांनी वाकटी घेतली. का, तर ती चकाकत होती. हाताला लागू नये म्हणून ती लांबलचक वाकटी छत्रीच्या दांड्यावर टाकून, छत्री पुढे धरून, ते भर पेठेतून घरी आले. गावातले जानवेवाले ओट्यांवर उभे राहून पाहत होते. काकांनी कुणाकडे पाहिलं नाही. विहिरीपलीकडे तीन दगड मांडून दिले, बोट ओलं करून वारा कुठल्या दिशेनं आहे ते पाहिलं आणि म्हणाले, करा सावकाश. मी ती वाकटी तिथे उकिडवी बसून शिजवली आणि खाल्ली. इतका अपमान आणि इतकी माया एकाच ताटात मला पुन्हा कुणी वाढली नाही.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क गेले.

काका पुन्हा उंबऱ्याशी. चेहरा उतरलेला. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आणखी आणू का?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी निवडायच्या तांदळाचं सूप उचललं, पाट उचलला आणि सरळ माजघरात काकूंच्या खाटेशी जाऊन बसले. काकांना सांगितलं, आता मी इथून हलणार नाही. तुमच्या साहेबांना कोण खातं ते माझ्या डोळ्यांनी पाहीन, आणि तोवर मला सूनबाई म्हणू नका.

दिवसभर बसले. काकूंचे केस विंचरले, वेणी घातली. इतके दिवस त्या घरात राहून मी त्यांच्या इतकी जवळ कधी बसले नव्हते. त्यांचा डावा हात तेवढा चालायचा. मध्येच तो हात वर यायचा आणि हौदाकडे रोखलेला राहायचा, दमला की पडायचा, पुन्हा वर यायचा. काका म्हणायचे, तिला मासे आवडतात. मी त्या हाताच्या रेषेत पाहिलं. हौदाच्या मधोमध एक मोठा भोकाभोकांचा दगड होता. काकूंचं बोट थेट त्याच्यावर.

मी तांदूळ बाजूला ठेवले आणि त्या दगडाकडेच पाहत राहिले. दुपारी ट्यूब बसली, बुडबुडे थांबले आणि घर शांत झालं. तेव्हा आवाज आला, टक्. नखानं काचेवर टिचकी मारावी तसा. हा आवाज मी आधीही ऐकला होता आणि पाल समजून सोडून दिला होता. एक लहान मासा दगडाच्या भोकापाशी रेंगाळत होता. पुन्हा टक् झालं, थोडी वाळू उडाली, आणि तो मासा तिथे नव्हता.

मी काकांना उठवलं. खाणारा दगडात आहे म्हणून सांगितलं. ते नाही म्हणाले. मी पाहिलंय म्हटलं, तरी नाही. तो दगड काढायचा नाही, एवढंच ते घोकत राहिले. मग हळूहळू बाहेर पडलं. काकू आपल्या पायांनी समुद्रावर गेल्या त्या शेवटच्या दिवशी त्यांनी तो दगड पदरात घालून आणला होता. इतका जड कशाला आणलास म्हणून काका रागावले होते. त्यानंतर चारच दिवसांनी त्या पडल्या. पुढे हौद झाला तेव्हा काकांनी पहिल्यांदा आत काय ठेवलं असेल तर तो दगड. त्यावर काय काय उगवलं होतं, शेवाळ, शिंपल्या. तो बाहेर काढला तर सगळं मरेल, असं ते म्हणत होते. ते खरं असेल. पण त्यांना दगडाला दोष द्यायचाच नव्हता, हे मला दिसत होतं.

"मग मला चोर म्हणा आणि दगड राहू द्या," मी म्हटलं.

काका काकूंकडे वळले. काकूंचा हात वर होता, थेट दगडावर. मग बाह्या सारून त्यांनी हौदात हात घातले आणि तो दगड मूल उचलावं तसा उचलून घमेल्यात ठेवला. विहिरीचं गोडं पाणी मीच वर ओतलं. माझ्या माहेरी कालवांच्या खडपात लपलेले किडे असेच बाहेर काढतात. थोडा वेळ काही झालं नाही. मग मोठ्या भोकातून दोन डोळे आले, देठांवर बसवलेले, एक इकडे फिरणारा, एक तिकडे. मागून कोळंबीसारखं अंग, पण हिरवंनिळं आणि जाडजूड, आणि छातीशी नाकतोड्यासारखे दुमडलेले दोन हात. त्यानं घमेल्यावर एक ठोसा मारला, टक्. काका दोन पावलं मागे सरले. लहान असताना गाळणीतल्या माशांबरोबर आत आला असणार, दगडात शिरला असणार आणि आमच्या साहेबांवर पोसून एवढा झाला असणार.

काका वाकले. "अहो, तुम्ही कधी रुजू झालात?" त्यांनी विचारलं.

गोड्या पाण्यात तो तडफडायला लागला तसे काका माझ्यावरच ओरडले आणि धावत जाऊन हौदातलं खारं पाणी तपेलीनं त्याच्यावर ओतायला लागले. ज्यानं घर खाल्लं त्याला मरू देईनात. तो शांत झाल्यावर मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उपरण्यानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"सूनबाई, माझी चौकशी चुकली," ते म्हणाले. "आजपासून घरात शिजवा काय ते. मी नाक धरीन."

मी काकूंना सांगायला वळले की झालं, सापडला, तुम्हीच दाखवलात. काकूंचा हात अजून वर होता. हौदात आता दगड नव्हता. नुसतं गढूळ पाणी आणि कोपऱ्यात भेदरलेले दोन मासे. हात तरी तिकडेच. मी हौदासमोर जाऊन उभी राहिले, की आता तरी माझ्याकडे पाहतील. त्यांनी पाहिलं नाही. मी मध्ये आहे याचा त्यांना त्रास झाला एवढं दिसलं.

काका खाटेच्या काठावर बसले. त्यांनी सांगितलं की काकूंना दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवसापासून तो हात त्या भिंतीकडे होता. नुसती भिंत होती, तिच्यावर काहीच नव्हतं. तिला तिथे काहीतरी पाहायला हवं आहे असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी ती भिंत फोडली आणि हौद बसवला. बोलता बोलता ते थांबले. भिंतीकडे पाहत राहिले.

"सूनबाई, हिच्या पलीकडे काय आहे?" त्यांनी विचारलं. जन्मापासून त्या घरात राहिलेला माणूस.

"समुद्र," मी म्हटलं.

गाडीवानाला बोलावलं तेव्हा त्याला वाटलं पाणी आणायचंय. काका म्हणाले, पिंप उतरव. गाडीत गवत घातलं, त्यावर गोधडी, आणि काकूंना उचलून बसवलं. घमेलं माझ्या मांडीवर. वैद्यांचं काय, म्हणून मी विचारलं. काकांनी ऐकलं नाही. वाटेत गाडीवान एकदा मागे वळून म्हणाला, "काकीला बाहेर काढलात, बरं केलंत. आमी त समजलो का ती नाय ऱ्हायली." ओहोटी होती. खडकांजवळ गाडी थांबवली. काकांनी तो दगड आणि तो प्राणी एका खोलगट पाण्यात सोडले, पण काकूंनी तिकडे पाहिलं नाही. त्यांचा हात खाली आला होता. तोंडाच्या चांगल्या बाजूनं त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्यानं मी घातलेली वेणी सुटली, तरी काकांनी ती सारखी केली नाही.

"इतकी वर्षं मी तुझ्यासाठी पाणी वाहत होतो," ते म्हणाले, "आणि तुला इथे यायचं होतं."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी गाडी जायची. उरलेले दोन मासेही सोडून दिले. मी घरात एकदाही मासे शिजवले नाहीत, मन झालं नाही. सातव्या महिन्यात माहेरी जायला निघाले ती त्यांची समुद्रावर जायची वेळ होती. माझा टांगा बोईसरच्या रस्त्याला लागताना त्यांची गाडी समोरच्या वाटेनं वळत होती. काका बैलांकडे आणि समुद्राकडे पाठ करून, काकूंच्या समोर बसले होते आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. मी टांगा थांबवला. निरोप घ्यायचा राहिला होता. हाक मारली असती तर त्यांनी नक्की ऐकलं असतं.

मी हाक मारली नाही. मला मुलगी झाली त्या महिन्यात काकू गेल्या, आणि आम्ही मायलेकी परतायच्या आत काका घर बंद करून भावाकडे निघून गेले होते. आमचे हे जाऊनही आता वर्षं झाली. घरात माणसं आहेत, माया आहे, कशाची उणीव म्हणून नाही. पण संध्याकाळ झाली की वाटतं, कुणीतरी समोर बसावं आणि समुद्र मागे ठेवून माझ्याकडे पाहावं.